मॉडिफाय केलेली हॉट हॅच (जोरकस इंजिनाची हॅचबॅक) विकायची आहे. आहे तशी द्यावी, की पार्ट्स काढून वेगळे विकावेत?

तुमच्या गाडीवर रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचा बदललेला प्रोग्रॅम, म्हणजे मॅप), डाउनपाइप (टर्बोला लागूनचा एक्झॉस्ट पाइप), मोठा इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा), कॉइलओव्हर (उंची बदलता येणारं सस्पेन्शन), १८ इंची अलॉय चाकं आणि बकेट सीट (रेसिंगच्या खोलगट सीट) आहेत. शिवाय गॅरेजात सुट्या पार्ट्सचा ढीग आहे, आणि एकत्र विकावं की वेगवेगळं हे ठरत नाहीये. एक गोष्ट मात्र तुम्ही लिहिलेली नाही आणि माझ्या मते सगळं तिच्यावरच ठरतं: गाडीवरून उतरवलेले मूळ, म्हणजे स्टॉक पार्ट्स तुमच्याकडे जपून ठेवलेले आहेत का?

असतील तर तुमच्या हातात दोन्ही वाटा आहेत. नसतील तर प्रत्येक पार्टचा हिशोब उलटा मांडावा लागतो. कॉइलओव्हर विकून पैसे येतील, पण त्यांच्या जागी शॉक अ‍ॅब्सॉर्बर, स्प्रिंग आणि बहुधा नवे टॉप माउंट घ्यावे लागतील. काही बोल्ट एकदाच आवळायचे असतात, ते नवे लागतील. मग मजुरी आणि शेवटी व्हील अलाइनमेंट. हे सगळं वजा केल्यावर हातात जे उरतं ते अनेकदा इतकं थोडं असतं, की कॉइलओव्हर गाडीवरच ठेवून जाहिरातीत नीट लिहिलेलं बरं. कागद घ्या, प्रत्येक पार्टसमोर तीन आकडे लिहा: वापरलेल्या स्थितीत काय मिळेल, जागी बसवायच्या पार्टला काय लागेल, काढण्या-घालण्याला काय लागेल. पहिल्यातून बाकीचे दोन वजा करून जिथे घसघशीत रक्कम उरते, तेवढेच पार्ट काढा.

मॉडिफिकेशनवर घातलेला पैसा पूर्ण वसूल होत नाही, हे आधीच मनाशी पक्कं करा. घेणारा गाडीची किंमत देतो आणि कामाची थोडीशी, तीही त्याला नेमकं तेच हवं असेल तर. वेगळे विकलेले पार्ट त्या मानाने बरे पैसे देतात, कारण तो पार्ट शोधणारा माणूसच तुमच्यापर्यंत आलेला असतो.

आता इंजिनकडे येतो. इथे घाई केली तर नुकसान मोठं होतं. रीमॅप, डाउनपाइप, इंटरकूलर आणि असतील तर मोठे इंजेक्टर हे सुटे पार्ट नव्हेत, तो एक संच आहे. डाउनपाइप धरून लिहिलेला मॅप तसाच ठेवून गाडीला मूळ कॅटसकटचा (कॅट म्हणजे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) एक्झॉस्ट लावला, तर टर्बोमागचा दाब वाढतो, हवेचा हिशोब चुकतो आणि टर्बोवर ताण येतो. मोठे इंजेक्टर ठेवून मूळ मॅप टाकला, तर इंधन जास्त पडतं आणि गाडी धड आयडलही करत नाही. म्हणून हा संच एक तर पूर्ण ठेवा किंवा पूर्ण उतरवा. उतरवायचा ठरला तर पार्ट परत बसवणं आणि मूळ मॅप टाकणं एकाच खेपेत करा, मध्ये गाडी जोरात पळवू नका. ट्यूनिंगचं हातातलं डिव्हाइस असेल तर तेही लक्षात ठेवा. अशी बरीच डिव्हाइस एका गाडीच्या ईसीयूशी, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरशी जोडली जातात आणि गाडी स्टॉक मॅपवर आणेपर्यंत सुटत नाहीत. गाडी आधी गेली आणि डिव्हाइस तुमच्याकडे राहिलं, तर ते दुसऱ्या कुणाच्या कामाचं नाही.

डाउनपाइपमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नसेल, तर माझं मत ठाम आहे: रस्त्यावर चालवायची गाडी म्हणून विकताना कॅट परत लावा. बहुतेक देशांत कॅट काढलेली गाडी रस्त्यावर चालवणं बेकायदा आहे, आणि प्रदूषण तपासणीत अडकलेला घेणारा तुमच्याकडेच परत येणार. स्टॉक मॅपवर आणलेल्या गाडीबद्दलही 'कधीच रीमॅप नव्हता' असं म्हणू नका. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत ट्यूनिंगचा माग सापडला की कंपनी वॉरंटीसाठी टीडी१ ही खूण लावते, आणि मूळ फाइल टाकल्याने ती पुसली जात नाही. मॅप ठेवून विकत असाल तर तो किती ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी लिहिलाय हे लेखी द्या. ९८ रॉनसाठी (रॉन म्हणजे ऑक्टेनचं माप) लिहिलेल्या मॅपवर ९५ घातलं की नॉकिंग (इंधन अवेळी पेटणं) टाळायला ईसीयू इग्निशन टायमिंग मागे घेतो, ताकद कमी होते, आणि नव्या मालकाला वाटतं गाडीत खोट आहे.

बकेट सीट मात्र काढाच, मूळ सीट असतील तर. मूळ सीटमध्ये बहुतेक वेळा साइड एअरबॅग असते. बकेट लावताना ती जाते आणि वॉर्निंग लाइट विझवायला कुणीतरी रेझिस्टर बसवलेला असतो. घरच्यांना घेऊन फिरणाऱ्या माणसाला अशी गाडी द्यायला माझं मन धजावत नाही. सीट बदलताना बॅटरीची वायर काढा, काही मिनिटं थांबा, मगच एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला हात लावा. सुट्या ढिगात एअरबॅग किंवा सीटबेल्ट प्रीटेन्शनर असतील तर ते कुरिअरने पाठवायच्या फंदात पडू नका. त्यांत स्फोटक भरलेलं असतं आणि वाहतुकीत ते धोकादायक माल म्हणूनच धरले जातात.

अलॉय सगळ्यात सोपे. मूळ चाकं असतील तर बदला आणि वेगळे विका. जाहिरातीत नुसतं '१८ इंची' लिहून भागत नाही. पीसीडी (बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास), रुंदी, ऑफसेट (चाकाची मधली रेषा आणि हबवर टेकणारी बाजू यांतलं अंतर) आणि सेंटर बोअर (मधलं भोक) हे चारही हवेत. अलीकडच्या गोल्फ जीटीआयचं पीसीडी ५×११२ आणि बोअर ५७.१ मिमी, फिएस्टा एसटीचं ४×१०८ आणि ६३.४ मिमी. बोअर मोठा असेल तर रिंगने भागतं, लहान असेल तर चाक बसतच नाही. ऑफसेट चाकाच्या मागच्या बाजूला ईटी या अक्षरांपुढे कोरलेला असतो, त्याचा फोटो द्या. टायर सोबत देत असाल तर डॉट कोडचे शेवटचे चार आकडेही दाखवा. ३५१९ म्हणजे टायर २०१९ सालच्या ३५व्या आठवड्यात बनला.

गाडी जुनी आणि नावाजलेली असेल तर हे सगळं गणित बदलतं. १९७६ची पहिली गोल्फ जीटीआय, १९८४ची प्यूजो २०५ जीटीआय किंवा १९९३ची क्लिओ विल्यम्स घेणारा माणूस मूळपणा शोधत असतो. विल्यम्सला सोनेरी स्पीडलाइन चाकंच हवीत, दुसरी कितीही महाग असोत. अशा गाडीचा एकही मूळ पार्ट वेगळा विकू नका. जुना म्युझिक सिस्टम, टूलकिट, सर्व्हिस बुक, दुसरी किल्ली, सगळं गाडीसोबत जाऊ द्या.

क्रमाबद्दल. माझा सल्ला असा की आधी काहीही न काढता पूर्ण गाडीची जाहिरात करा आणि त्यातच लिहा की मूळ पार्ट्स हजर आहेत, हवी तर गाडी स्टॉक करून मिळेल, किंमत तशी वेगळी. काढलेले आणि विकलेले पार्ट परत येत नाहीत, न काढलेले कधीही काढता येतात. स्वतःला एक मुदत घाला. त्यात मनासारखा घेणारा आला नाही तर वरच्या कागदाप्रमाणे कामाला लागा. जॅकवर उभी, अर्धी उघडलेली गाडी दाखवायला मात्र कुणाला बोलावू नका. ती बघून माणूस भाव पाडूनच बोलतो.

पूर्ण गाडी तोडून पार्ट पार्ट विकणं मी फक्त अपघात झालेल्या किंवा गंजून गेलेल्या गाडीसाठी सुचवेन. चांगले पार्ट पहिल्या झटक्यात जातात. मग उरतं ते रिकामं शेल, दारं, वायरिंग, आणि तुमच्या नावावरचं रजिस्ट्रेशन, जे रीतसर रद्द करून घ्यावं लागतं.

सुट्या ढिगाचे दोन भाग करा. टर्बो, ब्रेक कॅलिपर, एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरन्शियल), इंटरकूलर अशा वस्तू एकेक करून, पार्ट नंबरच्या फोटोसह विका. टर्बोचा शाफ्ट हाताने हलवून दाखवणारा छोटा व्हिडिओ असला की निम्मे प्रश्न मिटतात. ब्रेक डिस्कच्या कडेला किमान जाडी कोरलेली असते, व्हर्नियरने मोजून दोन्ही आकडे लिहा. गास्केट, फिल्टर, सेन्सर, क्लिप, अर्धे वापरलेले पॅड यांच्या मागे वेळ घालवू नका. एका खोक्यात भरून गाडी घेणाऱ्याला द्या, सोबत सगळी बिलं आणि असेल तर डायनोचा, म्हणजे इंजिनची ताकद मोजल्याचा कागद. खोकं आणि बिलं गाडी बघायला येणाऱ्याला पहिल्याच भेटीत दाखवा, किंमत ठरून गेल्यावर नाही.