वादग्रस्त कोण, लेख की लेखक?

नागपूरच्या धरमपेठेतल्या एका वाचकांची विचारणा आहे. ग. त्र्यं. माडखोलकरांवर टिपण लिहिताना त्यांनी ‘वादग्रस्त पत्रकार आणि निबंधकार’ असं लिहिलं. मित्राने ‘वादग्रस्त’ खोडून ‘वादप्रिय’ केलं. यातलं बरोबर कोणतं?

मित्राची शंका रास्त आहे. ग्रस् म्हणजे गिळणं. ग्रहण लागलेलं बिंब तसंच उगवलं की पंचांगात ‘ग्रस्तोदय’ लिहितात. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, आपल्याकडचे, विदर्भातले, गोसीखुर्द धरणाचे प्रकल्पग्रस्त, या सगळ्यांत माणूस सोसणारा असतो. पूर काही त्याने आणलेला नसतो. म्हणून ‘वादग्रस्त’ हा शब्द घट्ट बसतो तो जमिनीला, मिळकतीला, फार तर विधानाला. शेत गप्प पडून असतं, कोर्टात भांडतात ते भाऊबंद. माणसाला तोच शब्द लावला की त्याने वाद काढले की त्याच्यावरून वाद झाले, हे कळेनासं होतं. वर्तमानपत्रांना ही संदिग्धता सोयीचीच असते म्हणा.

माडखोलकरांच्या बाबतीत दोन्ही खरं आहे. १९४४ पासून नागपूरच्या ‘तरुण भारत’चे ते संपादक. १९४६ च्या बेळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्षही तेच, आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्याच संमेलनातला. इकडे बापूजी अणे, ब्रिजलाल बियाणी वेगळ्या विदर्भासाठी उभे असताना नागपुरात बसून संयुक्त महाराष्ट्राचा कैवार घ्यायचा, म्हणजे वाद दारात बोलावून आणणंच. इथे ‘वादग्रस्त’ अगदीच लेचापेचा वाटतो. पण गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये जी जाळपोळ झाली, तिची झळ त्यांनाही बसली. त्यावरच्या पुस्तकाचं नाव त्यांनी ‘एका निर्वासिताची कहाणी’ असं ठेवलं. तिथला माडखोलकर खराखुरा ग्रस्तच.

मग ‘वादप्रिय’? हा शब्द मला थोडा उणा वाटतो, कारण त्यात खुमखुमीचा वास आहे. न्यायशास्त्राने, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राने, वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार केले आहेत. वाद तत्त्व कळावं म्हणून, जल्प जिंकण्यासाठी, आणि वितंडेत स्वतःचा पक्षच नसतो, नुसतं दुसऱ्याचं खोडायचं. मराठीने ‘वितंडवाद’ म्हणत दोन टोकं एकत्र बांधून टाकली आणि बिचाऱ्या ‘वादा’ची पत घालवली. माडखोलकरांना मात्र स्वतःचा पक्ष होता आणि तो ते लपवत नसत.

तेव्हा ‘ज्यांच्या भूमिका वादग्रस्त ठरल्या असे पत्रकार’ असं लिहा. चार शब्द वाढतील, वाढू द्या.

आणि जाता जाता, ‘निबंधकार’ काढाच. चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’च्या काळी त्या शब्दाला धार होती, आता तो शाळेच्या वहीत जाऊन बसलाय. माडखोलकरांसाठी ‘समीक्षक आणि कादंबरीकार’ असं लिहिलंत तर ‘मुक्तात्मा’सारखी राजकीय कादंबरीही त्यात येईल.