‘अल’ कुठून आला?

खानापूरचे एक वाचक विचारतात: मराठी पेपरात ‘अल निनो’ असतं, चहाच्या गाड्यावर शेजारीच पडलेल्या कन्नड पेपरात ‘एल निनो’. खरं कुठलं? आणि हे वादळ येतं कुठून?

कन्नड पेपर बरोबर. एवढ्यावर उत्तर संपलं असतं, पण या ‘अल’नं माझं डोकं कित्येक वर्षं उठवलंय. स्पॅनिशमध्ये ‘एल’ हे पुल्लिंगी नामाआधी लागणारं उपपद. निन्यो म्हणजे मुलगा. पेरूच्या किनाऱ्यावरचे कोळी नाताळाच्या सुमारास येणाऱ्या कोमट प्रवाहाला हे नाव द्यायचे. मुलगा म्हणजे बाळ येशू. एका जाणकारांनी मला ऐकवलं, ‘अल हे अरबी वळण, चालतं.’ अहो, पेरूच्या कोळ्यांना अरबी कशाला शिकवता? शिवाय स्पॅनिशमध्येही ‘अल’ आहे की! ‘आ’ आणि ‘एल’ मिळून तो होतो, आणि अर्थ आपल्या चतुर्थी विभक्तीचा: अल निन्यो म्हणजे ‘बाळाला’. ‘यंदा अल निनो येणार’ म्हणजे ‘यंदा बाळाला येणार’. काय येणार? ताप?

ताप येतो तो समुद्राला. मध्य आणि पूर्व प्रशांत महासागराचं वरचं पाणी सरासरीहून अर्धा अंश किंवा जास्त तापतं आणि महिनोन्‌महिने तसंच राहतं.

‘निनो’तला न सुद्धा साधा नव्हे. त्याच्या डोक्यावर नागमोडी रेघ असते. जुने लेखनिक दोन न लागोपाठ आले की जागा वाचवायला दुसरा पहिल्याच्या डोक्यावर चढवत. त्याचीच ही रेघ. आपला अनुस्वार तरी वेगळं काय करतो? तो अक्षराच्या डोक्यावर बसतो, कन्नडमध्ये शेजारी गोल सोन्ने, म्हणजे शून्य, होऊन बसतो, एवढाच फरक. उच्चार मात्र नेमका आपल्या ञ चा. बाराखडीच्या तक्त्यात धूळ खात पडलेल्या त्या अक्षराला कधी नव्हे ते काम मिळतंय, तर ‘एल निञो’ का लिहू नये? परका वाटेल म्हणता? पुनर्वसूच्या पावसाला तरणा आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा म्हणणाऱ्यांना एक पोर जड होणार नाही.

हां, वादळाचं राहिलंच. ते वादळ नव्हे. पाणी तापलं की तिकडचे व्यापारी वारे, म्हणजे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारे नेहमीचे वारे, मंदावतात आणि आपल्याकडे पाऊस ओढ देण्याची शक्यता वाढते. शक्यताच हं! १९९७ साली एल निञो जबरदस्त होता, तरी देशात मोसमी पाऊस सरासरीइतका झाला.