गाडीला हात लावला, म्हणजे वॉरंटी गेली?

प्रश्न : नव्या सहाचाकी ट्रकच्या मागच्या कमानीत (लीफ स्प्रिंगमध्ये) दोन जादा पाटे टाकले. आता वॉटर पंप गळतोय. सर्व्हिस सेंटर म्हणते, पाटे टाकले म्हणून सगळीच वॉरंटी रद्द.
– एक ट्रकमालक, निफाड

पाट्यांचा आणि वॉटर पंपाचा काहीएक संबंध नाही. पंपाच्या खालच्या बारीक भोकातून कूलंट येत असेल, तर आतले सील गेले आहे आणि ते मागच्या कमानीमुळे जात नाही. तोंडी नकार ऐकून परत येऊ नका. जॉब कार्डावर नकाराचे कारण आणि वॉरंटी पुस्तिकेतले कलम लिहून मागा. लिहायची वेळ आली की पुष्कळदा सूर बदलतो. पुस्तिकाही स्वतः वाचा. काहींत ‘बदलामुळे झालेला बिघाड’ वगळलेला असतो, तर काहींत ‘कोणताही अनधिकृत बदल’ अशी सरसकट भाषा असते. दुसऱ्या प्रकारात भांडण अवघड, पण अशक्य नाही.

मात्र उद्या ॲक्सल हाउसिंगला तडा गेला, हब बेअरिंग बसले किंवा कमानीचा ब्रॅकेट चासीपासून सुटला, तर कंपनीचा नकार रास्त ठरेल. कमान कडक झाली की खड्ड्याचा दणका पाट्यांत जिरत नाही, तो थेट ब्रॅकेटवर आणि चासीवर जातो. शिवाय पाट्यांची जाडी वाढूनही कमान ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट जुनेच ठेवले, तर नटाला पुरते आटे मिळत नाहीत. नट ढिला होतो, सेंटर बोल्ट तुटतो, ॲक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालते. जादा पाट्यांनी आरसी बुकातले वजन वाढत नाही, हेही ध्यानात असू द्या. ओव्हरलोडची पावती क्लेमच्या फायलीत आली की विषय संपला.

नकार कायम राहिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. पुढे जिल्हा ग्राहक आयोग. व्यापारासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही, पण स्वतःच्या रोजगारासाठी घेतलेल्या गाडीला सवलत आहे. एकच ट्रक असेल आणि पोट त्यावरच असेल, तर तक्रारीत तसे स्पष्ट लिहा. (अमेरिकेत यावर 1975 चा खास वॉरंटी कायदा आहे. त्याचे व्हिडिओ दाखवून इथल्या सर्व्हिस मॅनेजरशी वाद घालण्यात अर्थ नाही.)

प्रश्न : टेपसाठी एका बॅटरीवरून 12 व्होल्टची लाइन घेतली. सहा महिन्यांत दुसरी बॅटरी निकामी झाली. क्लेम मिळेल?
– एक चालक-मालक, सांगोला

बहुधा नाही, आणि दोष वायरीचाच आहे. ट्रकमध्ये 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून 24 व्होल्ट होतात. बॅटऱ्या चार्ज करणारा अल्टरनेटर दोघींची बेरीज बघतो, एकेकटीची नाही. एकीवरून लोड घेतला की ती कायम अर्धपोटी राहते आणि बेरीज भरून काढताना दुसरीला जास्त चार्ज जातो. तिचे पाणी उडते, प्लेटा खराब होतात. म्हणून लाइन घेतली एकीवरून आणि मेली दुसरी. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी दोन्ही बॅटऱ्या मीटरने वेगवेगळ्या मोजा. अर्ध्या व्होल्टचा फरक दिसला तर हेच झाले आहे.

उपाय : 24 चे 12 करणारा कन्व्हर्टर लावा आणि त्याला दोन्ही बॅटऱ्यांवरून मिळून 24 व्होल्ट द्या. बदलायच्या तर दोन्ही बॅटऱ्या एकदम. बॅटरीची वॉरंटी बहुतेक वेळा बॅटरी कंपनीची असते. कार्डावरचा नंबर बॅटरीवरच्या नंबराशी जुळतो का, ते आजच बघा.

जादा दिव्यांचेही असेच. 70 वॅटचे दोन दिवे म्हणजे 24 व्होल्टवर सुमारे 6 अँपिअर. वेगळी वायर, 24 व्होल्टचा रिले आणि बॅटरीजवळच 10 अँपिअरचा फ्यूज घाला. हेडलाइटची वायर सोलून जोड मारला, तर पुढे वायरिंगचा कुठलाही क्लेम त्या चिकटपट्टीवर अडतो.

प्रश्न : युरिया बंद करणारा डबा बसवून घ्यावा का?
– एक वाचक, चाकण

नाही. बीएस-6 गाडीत 32.5 टक्के युरियाचे द्रावण सायलेन्सरमधल्या विषारी नायट्रोजन ऑक्साइडवर काम करते. डबा सेन्सरला खोटे आकडे दाखवतो. असला डबा सापडला की धूर-यंत्रणेचा क्लेम गेलाच, इंजिनच्या क्लेमवरही बोट ठेवले जाते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 182अ खाली बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते.

प्रश्न : टूलबॉक्स चासीला वेल्ड केला तर चालेल का?
– एक वाचक, मिरज

वेल्ड नको, बोल्टने बसवा. चासीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडू नका. मधल्या उभ्या भागात कंपनीने दिलेली भोके वापरा. केबिनवर किंवा बॉडीवर वेल्डिंग करावेच लागले, तर आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि ईसीयूचे (इंजिनच्या कॉम्प्युटरचे) कनेक्टर काढा. अर्थिंगचा चिमटा वेल्डच्या अगदी शेजारी लावा. तो लांब लावला, तर करंट बेअरिंगमधून वाट काढतो.