प्रोफाइलमध्ये पाय कुठे लिहायचा?

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, व्हिडिओही पाहिला. कास्टिंगवाल्यांना पाठवायच्या प्रोफाइलमध्ये कृत्रिम पायाबद्दल लिहायचं की निवड झाल्यावर सांगायचं, असं तू विचारलं आहेस. लिहायचं. पण उंची, वय, येणाऱ्या भाषा, केलेल्या एकांकिका हे सगळं झाल्यावर, एका ओळीत: 'डावा पाय गुडघ्याखाली कृत्रिम, चालणं, जिने चढणं-उतरणं जमतं.' बस. अपघाताची हकीकत तिथे नको. तुझ्या व्हिडिओचा बराचसा भाग त्या हकीकतीतच गेला आहे आणि अभिनय अगदी शेवटी, घाईघाईने उरकला आहे. तो पुन्हा कर, आणि त्यात फक्त अभिनय ठेव.

हे एवढं ठासून का सांगतोय, ते नर्तिका-अभिनेत्री सुधा चंद्रन यांच्याकडे बघून कळेल. तू त्यांचं नाव घेतलं आहेस, पण सगळ्यांना पाठ असलेल्या भागापुरतंच. १९८१ मध्ये तिरुचिरापल्लीजवळ बसचा अपघात, जखमेत गँगरीन, पाय कापावा लागला, मग जयपूर फूट हा कृत्रिम पाय, आणि १९८४ मध्ये पुन्हा रंगमंचावर भरतनाट्यम. १९८५ मध्ये त्यावर 'मयूरी' हा तेलुगू चित्रपट निघाला. त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली, राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष ज्युरी पुरस्कारही मिळवला. पुढच्या वर्षी तो 'नाचे मयूरी' म्हणून हिंदीत आला. तेव्हा त्या जेमतेम विशीत होत्या. आयुष्याची कथा सांगून झाली होती आणि सगळं आयुष्य पुढे पडलं होतं. तीच कथा दुसऱ्यांदा कोण बघणार? तिथून पुढे त्यांनी काय केलं, ते तू शिकायला हवंस.

२००१ मध्ये 'कहीं किसी रोज' ही मालिका सुरू झाली आणि त्यांनी वठवलेली खलनायिका रमोला सिकंद घराघरात पोचली. तुझ्या आईला विचार, तिला आठवत असेल: त्या मोठमोठ्या टिकल्या, भरजरी साड्या, ती रोखलेली नजर. त्या भूमिकेचा पायाशी काडीचा संबंध नव्हता. लोक रमोलावर चिडायचे, तिचा धसका घ्यायचे. माझ्या मते अपंग नटाला प्रेक्षकांचा असा राग मिळणं ही फार मोठी कमाई आहे, कारण ज्याची कीव येते त्याच्यावर कुणी मनापासून चिडत नाही. पुढे 'नागिन'मधली यामिनीही त्याच जातकुळीतली. निर्मात्यांना खलनायिका हवी होती, ती वठवणारी बाई हवी होती, म्हणून त्यांना बोलावलं गेलं. तू हे डोळ्यांसमोर ठेव. पहिलं काम तुला तुझ्या कथेमुळे मिळेलही. दुसरं मात्र कामामुळेच मिळायला हवं.

तू लिहितेस की अपंग मुलीची भूमिका तर तू 'न करताच' करशील. हा भ्रम आत्ताच सोड. अमेरिकेतल्या 'ब्रेकिंग बॅड' मालिकेत नायकाच्या मुलाचं काम करणाऱ्या आर. जे. मिटी याला स्वतःला सेरेब्रल पाल्सी आहे, पण पात्राइतकी तीव्र नाही. भूमिकेसाठी त्याला कुबड्या घेऊन चालायला आणि अडखळत बोलायला शिकावं लागलं. म्हणजे स्वतःला असलेल्या अपंगत्वाचाही त्याने अभ्यास केला. तुझं लंगडणं हे तुझं आहे. पात्र कसं लंगडतं, कुणासमोर लपवतं, कुणासमोर नाही, हे तुला शोधावंच लागेल.

आता सेटबद्दल, कारण हे तुला वर्कशॉपमध्ये कुणी सांगणार नाही आणि मी इतकी वर्षं दिग्दर्शन विभागात हेच बघत आलोय. डेली सोपची शिफ्ट बारा तासांची असते. दिवसभरात स्टंपचा, म्हणजे उरलेल्या पायाच्या टोकाचा, आकार बदलतो, तो ज्यात बसतो ते सॉकेट सैल पडतं, वरून आणखी एक मोजा चढवावा लागतो, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. कॅमेऱ्यात त्याचं काय होतं ते ऐक. सकाळी मास्टर शॉट, म्हणजे अख्खा प्रसंग एकत्र टिपणारा शॉट, लागला, तू दारातून आत येऊन सोफ्यापर्यंत चालत गेलीस. त्याच चालीचा दुसऱ्या अँगलचा शॉट जेवणानंतर लागला, कधी कधी तर दोन दिवसांनी. तोवर तुझी चाल बदललेली असते आणि एडिटला दोन शॉट जुळत नाहीत. मग कुणीतरी म्हणतं, 'हिच्यामुळे वेळ जातो.' म्हणून पहिल्याच दिवशी असोसिएट डायरेक्टरला शांतपणे सांग, 'माझे चालायचे शॉट शक्यतो पहिल्या सत्रात घ्या, क्लोजअप नंतर ठेवा.' रीटेक वाचत असतील तर कुठलाही शहाणा माणूस ऐकतो. क्लोजअपला उभं राहायचीही गरज नसते, उंची जुळवून स्टूल मागून घे.

नटाने कुठे थांबायचं ते दाखवायला जमिनीवर मार्कची टेप लावलेली असते. तिच्याकडे खाली बघितलंस की शॉट गेला. तालमीत पावलं मोज आणि मार्कवर उजवा पाय टेकेल असा हिशोब बसव, कारण डाव्या तळव्याला टेप कळणार नाही.

आणि कॉस्च्युमवाल्यांना आधीच गाठ. कृत्रिम पाऊल एका ठरावीक टाचेच्या उंचीला बसवलेलं असतं. ऐनवेळी हिल्स हातात आल्या तर सगळा तोल पुढे जातो, गुडघ्यावर ताण येतो आणि चेहऱ्यावर तो दिसतो. तुझ्या पायाला चालणारी टाच किती, हे मापाच्या कागदावरच लिहून दे. दोन लायटिंगच्या मधे पाय काढून बसावंसं वाटलं तर सगळ्यांसमोर काढ. पहिले एक-दोन दिवस युनिटमधले लोक बघतील, मग स्पॉटदादाच तुझी खुर्ची जागेवर आणून ठेवतील.

भूमिकांचं म्हणशील, तर तुझ्याकडे सोशिक बहीण येईल, चमत्काराने बरी होणारी सून येईल. सुरुवातीला एखादी घ्यावी लागली तर घे. पण लेखकाला विचार, ही मुलगी नोकरी करते का, खोटं बोलते का, तिला कुणी आवडतं का? उत्तर नसेल तर ते पात्र अजून लिहूनच झालेलं नाही. असं बोलायला घाबरू नकोस. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दृकश्राव्य माध्यमांसाठी मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आहेत. साचेबद्ध चित्रण टाळा, खरं अनुभवविश्व दाखवा, अपंग व्यक्तींना सोबत घेऊन काम करा, असं त्यांत म्हटलं आहे. ती वाचून ठेव.

गैरसोय झाली तर तोंड उघडायचं. २०२१ मध्ये विमानतळावर दर वेळी कृत्रिम पाय काढून दाखवावा लागतो, म्हणून सुधाताईंनी थेट पंतप्रधानांना उद्देशून व्हिडिओ टाकला, तेव्हा विमानतळाची सुरक्षा बघणाऱ्या सीआयएसएफने माफी मागितली. इतकं नाव कमावलेल्या बाईलाही बोलल्याशिवाय कुणी विचारत नाही, मग तू का गप्प बसायचंस?

व्यवहाराचं थोडक्यात. मानधन दिवसाच्या हिशोबाने ठरतं आणि पैसे बहुतेक ठिकाणी तीन महिन्यांनी हातात येतात. तोवर खोलीचं भाडं आणि सॉकेटचा खर्च निघेल इतकी शिल्लक असल्याशिवाय मुंबईत यायची घाई करू नकोस. यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर आधी काढ. काम सुरू झालं की सिंटा या कलाकारांच्या संघटनेच्या सदस्यत्वाची चौकशी कर. आणि पहिला करार आला की सही करण्याआधी मला पाठव. शिफ्टचे तास, घरी सोडायची गाडी आणि तळमजल्यावरची मेकअप रूम, या तीन गोष्टी त्यात लेखी आहेत का, ते मी बघून देतो.

तुझा,
काका