वाळूतली लाल देठांची ती वनस्पती माठाच्या जातीतली आहे का?

तुम्ही विचारलंय की नॉर्थ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर कोऱ्या वाळूत लाल देठांची, गोल पानांची पसरट वनस्पती दिसली, ती माठ-राजगिऱ्याच्या जातीतली असू शकते का. असू शकते, आणि असेल तर नशीबवान आहात! अ‍ॅमरँथस प्युमिलस म्हणतात तिला, रानटी आणि फार क्वचित सापडणारी.

फक्त आधी पानं बघा, कारण मी स्वतः पहिल्यांदा सेसुव्हियम नावाच्या किनाऱ्यावरच्या दुसऱ्याच वनस्पतीला हीच म्हणून बसलो होतो, त्याचेही देठ लाल आणि पानं मांसल असतात ना. पण त्याची पानं समोरासमोर जोडीने येतात, हिची एकाआड एक, आणि फांदीच्या टोकाकडे दाटीने. पान गोलसर, साधारण दीड-दोन सेंटिमीटर, आणि टोकाला छोटीशी खाच. ती खाच दिसली की माझी तरी खात्री पटते. पान तोडल्यावर दुधासारखा चीक निघाला तर ती युफोर्बिया, म्हणजे चीक असलेली वेगळीच वनस्पती, विषय संपला. माठासारखा वर उभा तुरा शोधत बसू नका, हिची फुलं पानांच्या बगलेत बारीक झुपक्यात लपलेली असतात. बी मात्र चांगलं अडीच मिलिमीटरचं, या जातीत मोठंच म्हणायचं.

आता कुठे सापडते ते. पूर्वी मॅसॅच्युसेट्सपासून साउथ कॅरोलायनापर्यंत अटलांटिक किनाऱ्यावर होती, पण 1993 मध्ये अमेरिकन सरकारने धोक्यातली म्हणून यादीत घातली तेव्हा न्यूयॉर्क आणि दोन्ही कॅरोलायना एवढंच उरलं होतं. मग 1998 ला मेरीलँडात आणि 2000 च्या सुमाराला न्यू जर्सी, डेलावेअरमध्ये परत उगवली. वर्षायू आहे, म्हणजे एकाच वर्षात उगवून संपणारी, त्यामुळे एका वर्षी भरपूर तर पुढच्या वर्षी तिथेच काही नाही असं होतं. भरतीरेषेच्या वर, वाळूच्या टेकाडांच्या पुढे, जिथे बाकी काही टिकत नाही अशी उघडी वाळू तिला लागते, दाट गवत आलं की ही गेली, आणि समुद्राला अडवायला भिंत बांधली की तिची जागाच जाते.

उपटू मात्र नका हं, केप हॅटरससारख्या सरकारी किनाऱ्यावर तर तो गुन्हाच आहे. पानाच्या टोकाचा, बगलेतल्या फुलांचा आणि आजूबाजूच्या वाळूचा असे तीन फोटो काढून इथे टाका, मी बघतो.