“आता आणखी काय बंद करू?”

सत्तेचाळीस वर्षांच्या त्या बाईंनी खुर्चीवर बसताच हा प्रश्न विचारला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आठ महिन्यांत त्यांनी वजन ७८ किलोवरून ७० वर आणले होते, मात्र त्यानंतरचे दहा आठवडे काटा जागचा हलला नव्हता. वयामुळे चयापचय मंदावला, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. चाळिशी ओलांडलेल्या निम्म्याअधिक व्यक्ती माझ्याकडे हेच कारण घेऊन येतात. परंतु २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात असे आढळले, की शरीराचा आकार आणि स्नायूंचे प्रमाण हिशेबात घेतल्यास वीस ते साठ या वयात ऊर्जेचा खर्च जवळपास स्थिर राहतो. घटतात ते बहुधा स्नायू आणि हालचाल. शिवाय, ७० किलोच्या शरीराला चालायलाही ७८ किलोच्या शरीरापेक्षा कमी ऊर्जा पुरते, त्यामुळे सुरुवातीला जो आहार तुटीचा होता तोच हळूहळू बरोबरीचा होतो.

मी त्यांना आठवडाभर खाल्लेल्या प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवायला सांगितले. सकाळी चहा आणि दोन बिस्किटे, दुपारी बहुतेक भाज्या, रात्री मात्र भरपेट जेवण आणि त्यानंतर स्वयंपाकघरात एक-दोन फेऱ्या. हिशेब केला तेव्हा दिवसाची प्रथिने साधारण ४० ग्रॅम भरली, त्यांतली २५ एकट्या रात्रीची. निरोगी प्रौढ व्यक्तीसाठी किमान प्रमाण वजनाच्या दर किलोला सुमारे ०.८ ग्रॅम धरतात, म्हणजे त्यांच्यासाठी ५६ ग्रॅम. वजन उतरवत असताना स्नायू टिकवायचे असतील तर १.२ किंवा त्याहून थोडे अधिक लागते. “कमी खायचे” या एकाच नियमाने त्यांच्या ताटातून सर्वांत आधी प्रथिनेच गेली होती.

लक्ष्य ८४ ग्रॅमचे ठरवले, परंतु त्याआधी मूत्रपिंड आणि थायरॉइडच्या तपासण्या करून घेतल्या, कारण मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिने वाढवण्याचा निर्णय डॉक्टरांखेरीज कोणी घेऊ नये. अहवाल ठीक होते.

इथे चूक माझी झाली. मी “वाढवा” म्हटले आणि त्यांनी अक्षरशः वाढवले. आधीचे काहीही कमी न करता अंडी, दही आणि मूठभर सुकामेवा घेऊ लागल्या. दोन आठवड्यांत काटा ६०० ग्रॅम वर गेला आणि त्या डोळ्यांत पाणी आणून परतल्या. अधिकची ४४ ग्रॅम प्रथिने म्हणजे त्यांच्याच १७६ कॅलरी, आणि अन्नात प्रथिने कधी एकटी येत नाहीत. सुकामेव्यात तर प्रथिनांहून चरबी जास्त. मग बदली सुरू केली. बिस्किटांच्या जागी दोन अंडी आणि वाटीभर दही, दुपारच्या भाज्यांसोबत शिजवलेली कडधान्ये, आणि रात्रीच्या ताटातला पिष्टमय पदार्थ निम्मा. प्रथिने पचवण्यातच त्यांच्यातील २० ते ३० टक्के ऊर्जा खर्ची पडते हे खरे, पण वजन त्याने उतरेल अशी आशा मी कोणाला दाखवत नाही. त्यांना मुख्य लाभ झाला तो पोट भरलेले राहण्याचा: तिसऱ्या आठवड्यात रात्रीच्या फेऱ्या आपोआप थांबल्या.

प्रथिनांइतकाच आग्रह मी आठवड्यातून दोनदा ताकदीच्या व्यायामाचा धरला. स्नायूंना काम दिले नाही तर नुसत्या प्रथिनांनी ते फारसे टिकत नाहीत, आणि वाढत्या वयात तर तेवढ्याच प्रथिनांना त्यांचा प्रतिसादही मंद होतो. म्हणूनच एकाच जेवणाऐवजी प्रत्येक जेवणात २५-३० ग्रॅम विभागून घेण्याचा सल्ला दिला जातो. त्यांनी खुर्चीवरून उठ-बस आणि रबरी पट्ट्यांपासून सुरुवात केली.

पाचव्या आठवड्यापर्यंत काटा हट्टाने तिथेच राहिला, परंतु कंबरेचा घेर तीन सेंटिमीटरने कमी झाला होता. काट्याला चरबी, स्नायू आणि पाणी यांतला फरक कळत नाही, हे मी आधीच सांगितले होते. मोजपट्टी पाहिल्यावर त्यांना ते पटले. चार महिन्यांनी वजन ६६.५ वर आले आणि पुन्हा थांबले. मी नवा आराखडा काढायला बसले, तर त्या म्हणाल्या, “सध्या राहू द्या, जिने चढताना गुडघे कुरकुरत नाहीत.” पुढची भेट तीन महिन्यांनंतरची ठरली आहे.