शेवटचा घाव ज्याचा, त्याला जास्त एक्सपी द्यावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रत्नागिरीतला ग्रुप, डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या कथा-खेळाची पाचवी आवृत्ती, 2014 ची पुस्तकं. तिसऱ्या लेव्हलच्या चौघांनी समुद्रगुहेत चार साहुआगिन (माशासारखे राक्षस) आणि एक मेरो (त्यांच्याहून दांडगा जलराक्षस) मारला. रोग खेळणारा (क्लास हो, म्हणजे चोरट्याची भूमिका; आजार नव्हे) अडून बसलाय, की मेरो मी पाडला, मला जास्त एक्सपी, म्हणजे लेव्हल वाढवणारे अनुभवाचे गुण. शिवाय पाचवा गडी चाकरमानी, गणपती-शिमग्यालाच येतो, आणि त्याचं कॅरेक्टर अजून पहिल्या लेव्हलला अडकलंय.

माझ्या मते सगळ्या पार्टीचा (खेळाडूंच्या टोळीचा) एक्सपीचा आकडा एकच ठेवा. माणसागणिक खातं उघडलंत की भांडण ठरलेलं.

आधी बेरीज, कारण इथेच बरेच डीएम (खेळ चालवणारे) चुकतात. साहुआगिनचे 100 प्रमाणे 400, मेरोचे 450, एकूण 850. मॉन्स्टर पाच आहेत म्हणून पुस्तकात दुपटीचा गुणक आहे आणि आकडा 1700 होतो. पण तो गुणक लढाई किती जड जाईल हे बघण्यापुरताच. तिसऱ्या लेव्हलच्या चौघांना 1600 च्या वर डेडली (जीवघेणी), म्हणजे ही लढाई डेडली होती. वाटायचे मात्र 850 च, म्हणजे माणशी 212, वरचा अर्धा सोडून द्या. 1700 वाटलेत तर माणशी 425 होतात. चौथ्या लेव्हलला 900 वरून 2700 वर जायचं, म्हणजे 1800 लागतात. अशा लढायांनी नऊ लढायांचं काम पाच लढायांत उरकतं, आणि पुढचं तुम्ही तयार केलेलं सगळं पार्टीला पोरखेळ वाटू लागतं.

आता रोगचं म्हणणं. समजा त्याने डाय (फासा) टाकला, 6 पडले, अधिक त्याच्या कौशल्याचे 5, झाले 11. मेरोचा एसी, म्हणजे घाव बसायला लागणारा आकडा, 13. घाव हुकलाच होता. क्लेरिकने (पार्टीतल्या पुजाऱ्याने) आधी ब्लेस, म्हणजे साथीदारांच्या घावांना बळ देणारा मंत्र, टाकलेला, त्याचा चार बाजूंचा डाय 3 पडला, 14 झाले, घाव बसला. वर स्नीक अटॅकचे (रोगच्या जास्तीच्या इजेचे) दोन डाय मिळाले ते फायटर मेरोला खेटून उभा होता म्हणून. मग मेरो कोणी मारला? मेरोचे हिट पॉइंट (जीव किती उरला ते) 45, त्यातले शेवटचे पाच-सहा ज्याने काढले त्याच्या नावावर तो लावायचा म्हटलं तर पुढच्या सेशनपासून क्लेरिक ब्लेस सोडून गदाच फिरवील. ज्याचे एक्सपी द्याल तेच लोक करतात. रापणीत (किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात) दोर धरणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो, मासळी कोणाच्या हाताखालून जास्त आली हे कोणी मोजत बसत नाही. तसंच हे.

जुन्या काळी वेगळा हिशोब ठेवण्याला कारण होतं. 1981 च्या बेसिक संचात दुसऱ्या लेव्हलला चोराला 1200, फायटरला 2000 आणि जादूगाराला 2500 लागत. बाहेर आणलेल्या सोन्याच्या नाण्यामागे एक एक्सपी मिळे, त्यामुळे शहाणी पार्टी लढाई टाळून पेटी पळवायची. 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत क्लासप्रमाणे वैयक्तिक बक्षिसांचा ऐच्छिक नियमही होता. आता सगळ्या क्लासना तक्ता एकच, म्हणून वेगळं खातं ठेवायला आधारच उरला नाही. कोणी भूमिका झकास वठवली तर इन्स्पिरेशन द्या: डायच्या एका फेकीला अ‍ॅडव्हांटेज मिळतो, म्हणजे दोन डाय टाकून मोठा धरायचा; वापरला की संपला. एक्सपी दिलेत तर जो जास्त बोलतो तोच पुढे जातो, आणि गप्प खेळणारे मागे पडतात.

लढाई टाळली तरी एक्सपी द्या, पण अट एक, त्यात फसण्याची खरी भीती हवी. ओहोटीची वेळ साधून पार्टी मेरोच्या पाठीमागून निसटली तर मी पूर्ण 450 धरीन. तोच मेरो दोन सेशननंतर पुन्हा गाठ पडला आणि मारला, तर मात्र त्याचे परत द्यायचे नाहीत. हे वहीत लिहून ठेवा, नाहीतर तुम्ही विसराल आणि खेळाडू विसरणार नाहीत. मॉन्स्टरच नसेल, नुसतं कोडं किंवा दरबारातली बोलणी असतील, तर त्या लेव्हलची मीडियम लढाई समजा: तिसऱ्या लेव्हलला माणशी 150.

राहिला चाकरमानी. पुस्तकाचा कल असा, की जो हजर त्याला एक्सपी, पण गैरहजराला तेवढेच देणारे डीएमही असतात, आणि मी त्यांच्या बाजूचा. हजर होते तेवढ्यांनी भागायचं, आणि येईल तो आकडा सगळ्यांच्या नावे मांडायचा. पाचांनी भागलंत तर माणशी 170 होतात आणि राबलेले चौघे कुरकुरतात.

यापुढे त्याला बाकीच्यांइतकेच एक्सपी दिले तर तक्ताच बरंचसं सांभाळून घेतो. 0 आणि 900 वरून दोघे निघाले, तर बाकीचे 6500 ला पाचव्या लेव्हलला पोचतात तेव्हा हा 5600 वर, म्हणजे चौथ्याला असतो. पण तोवर जगायला हवा ना! मेरोचा हार्पून सरासरी 11 लागतो, पहिल्या लेव्हलच्या विझार्डचे (जादूगाराचे) हिट पॉइंट सात-आठ. गावी येऊन पहिल्याच फेरीत आडवा, मग रात्रभर प्रेक्षक. शिवाय पाचव्या लेव्हलला फायटरला दुसरा घाव आणि विझार्डला फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा मंत्र) मिळतो, तिथे एका लेव्हलचा फरकही झोंबतो. म्हणून त्याला आत्ताच 900 वर आणून बसवा.

कॅरेक्टरची नवी शीट (माहितीचा कागद) मात्र गाडीत बसायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर भरून घ्या. टेबलावर लेव्हल वाढवायला बसला की स्पेल (मंत्र) निवडण्यात तासभर सहज जातो.